शेवटचं प्यादं खायचं नाही

२० डिसेंबर, शनिवार. कोरेगाव.

जयराजचा पुण्याहून फोन. विषय तोच. दोघंच तिकडं काय करताय, इथं या, लिफ्ट आहे, खाली दवाखाना आहे, वीरधवलला आजी-आजोबा मिळतील. पोरगा चुकीचं काहीच बोलत नाही, हीच पंचाईत आहे. मी नेहमीप्रमाणे ‘बघू’ म्हणालो आणि फोन लीलाच्या हातात दिला.

लीलानं आज एक घाव दोन तुकडे केले. म्हणाली, “ह्यांचं नाव हाय न्हवं त्या जगाच्या यादीत? त्ये हाय तवर आमी कुटं येत न्हाई. नाव निगालं की त्याच दिवशी बॅगा भरतो. मग तर झालं?”

जयराज खूश. लगेच मला परत फोनवर घेऊन रेटिंग विचारलं. सांगितलं. “म्हणजे बाबा, काठावरच आहे की!” आहेच. बुद्धिबळाच्या आंतरराष्ट्रीय यादीत चौदाशेच्या खाली कुणाला जागा नाही. घसरलं की नाव कापतात. मी जेमतेम वर आहे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो आणि स्पर्धा खेळायला लागलो, तेव्हा चांगला वर होतो. नंतर दर वर्षी पातळी उतरत गेली. आवक कमी, विसर्ग जास्त.

बुधवारपासून सांगलीत नऊ फेऱ्यांची स्पर्धा आहे. काय व्हायचं ते तिथंच होईल.

फोन ठेवल्यावर लीला पदरानं डोळे पुसत होती. नातवाची आठवण, दुसरं काय. म्हणजे हिला जायचंय. तोंडानं म्हणवत नाही म्हणून माझ्या खांद्यावर बंदूक ठेवली. गेल्या वर्षी महिनाभर पुण्याला राहून आली तेव्हाही आल्यागेल्याला सांगत होती, “तितं समद्यांची दारं कायम बंद. कुनी कुनाकडं जात न्हाई.” सुरक्षित जागा तिच्या मनात भरलेली दिसते.

मला स्वतःला कुठं राहायचंय? इथं. हे फक्त इथं लिहून ठेवतो. बोलून कुणाचा फायदा नाही.

२३ डिसेंबर, मंगळवार.

उद्या सकाळच्या गाडीनं सांगली. बॅग मीच भरली, कारण लीला दिवसभर परसात. लसूण लावतेय. लसणाला हा उशीर झाला, आणि निघायला पुढं चार-पाच महिने हवेत. तोवर आपण कुठं असू हिला कळत नाही की काय? पण बोललो नाही. हात कामात असले की बाईमाणसाचं मन रमतं.

संध्याकाळी मातीच्या हातांनीच आत आली. “आवं, सांगलीसनं येताना एक कुलूप आना. चांगलं दनकट बगून. पावसात गंजनारं नगं.”

घर बंद करायची तयारी. अजून पहिली फेरी व्हायची आहे, आणि बाईंनी कुलपापर्यंत मजल मारली. मी ‘बरं’ म्हणालो. जरा लागलं मनाला, नाही म्हणत नाही.

२४ डिसेंबर, बुधवार. सांगली.

आयोजकांनी बाहेरगावच्या खेळाडूंना मंगल कार्यालयाच्या वरच्या खोल्या दिल्यात. खोलीला दोन गाद्या. दुसऱ्या गादीवर वडूजचे धोंडिराम बनसोडे, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त. मी पोचायच्या आधीच त्यांनी माझी गादी खिडकीजवळून भिंतीकडं सरकवली होती. “वारं लागंल, साहेब. म्हातारं मानूस तुमी.” गृहस्थ माझ्याच वयाचे! रेटिंगही जवळपास माझ्याएवढंच. पण यादीत राहण्या-न राहण्याचं त्यांना सोयरसुतक नाही. भडंगाचा पुडा समोर धरून म्हणाले, “मी खेळायला येतो ते घरात करमत न्हाई म्हनून. घ्या.”

पहिल्या फेरीत पुण्याचा एक कॉलेजकुमार. हरलो. तो जोरदारच होता, त्यामुळं रेटिंगला फारसा धक्का नाही.

एक निरीक्षण. पहिल्या फेरीत सगळेच चांगले खेळतात. शर्ट इस्त्रीचे, चाली लिहायच्या कागदावर अक्षर मोत्यासारखं, हरणारासुद्धा उठताना हात मिळवून हसतो. आज कुणाची पारख होत नाही. तळी पहिल्या दिवशी सगळी भरलेलीच असतात.

२५ डिसेंबर, गुरुवार.

सकाळी जिंकलो. दुपारी बरोबरी. दुपारी माझ्या डोक्यावरचा पंखा कुरकुरत होता, नाहीतर तोही डाव माझाच होता. डिसेंबरात पंखा लागतो कशाला? पंचाला सांगितलं, तर तो म्हणे बाकीच्यांची तक्रार नाही. बाकीचे बहिरे असतील.

या पद्धतीत हरणाऱ्याची गाठ पुढच्या फेरीत हरणाऱ्याशीच पडते, जिंकणाऱ्याची जिंकणाऱ्याशी. म्हणजे वरचा वर दमतो आणि खालचा खाली. तीन फेऱ्यांतच कोण कुठं बसणार ते कळायला लागलंय. वरच्या पटांवर सतरंजी आहे, आमच्या बाजूला फरशी.

लीलाचा फोन. नमस्कार-चमत्कार काही नाही. “जितलंसा का?” सांगितलं. “मग आता नाव निगायला किती अंतर ऱ्हायलं?” सांगितलं.  मग म्हणाली, “जेवल्या-जेवल्या खेळू नगा, पेंग येती तुमास्नी. आन सपासप खेळायचं न्हाई. मारुतीला नारळ बोललेय मी.” कशासाठी बोललीस विचारणार, तेवढ्यात फोन तसाच धरून ती ओरडायला लागली, “हुर्र! हाड्! आगं ए, त्या धुळाच्या शेळ्या शिरल्या बगा परत!” मागचं फाटक लागत नाही आणि शेजारच्या धुळाच्या शेळ्या आत घुसतात, ही कटकट जुनीच. परत फोनवर आली ती म्हणाली, “कुलूप इसरू नगा.”

निघायची एवढी घाई. बाई रोज अंतर विचारते, नारळ बोलते, कुलूप मागते. मी बोहल्यावर चढलेल्या नवरदेवासारखा मधे बसलोय.

२६ डिसेंबर, शुक्रवार.

चौथी फेरी जिंकलो. पाचवी हरलो. जेवल्या-जेवल्या खेळलो.

आज मधला दिवस, आणि लोक बदलायला लागलेत. पहिल्या दिवशी एका चालीला दहा मिनिटं विचार करणारा नांद्र्याचा मास्तर आज दहा सेकंदांत हत्ती उचलतो. एक गडी जिंकलेला डाव सोडून बरोबरी मागत होता. म्हणे, जाऊन पडायचंय. पोरांचं उलटं. पोरं पहिल्या दिवशी घाबरून हरतात आणि तिसऱ्या दिवशी उधळतात. आमचं वय झालेल्यांचं मात्र एकाच दिशेनं चाललंय. अक्षरावरून कळतं. घोड्याच्या चालीचं माझं ‘घो’ आज ‘द्या’सारखं दिसत होतं. पंचानं दोनदा विचारलं.

संध्याकाळी धोंडिराम मला ओढून कृष्णेच्या घाटावर घेऊन गेले. खिशात मावणारा पट आणला होता. म्हणाले, “यादी-फिदी ऱ्हाऊ द्या. येतो का देशी डाव?”

 वडिलांनी मला देशीच शिकवला होता, चावडीच्या ओट्यावर. देशी डावाचे कायदे वेगळे. समोरच्याची सगळी मोहरी मारून त्याचा राजा एकटा उरला, तर तुम्ही जिंकत नाही. डाव बरोबरीत जातो. त्याला ‘बुर्जी’ म्हणायचे. म्हणून समोरच्याचं शेवटचं प्यादं कधी खायचं नाही. ते जिवंत ठेवायचं आणि त्याच्या डोळ्यांदेखत राजावर मात करायची. तीही आपल्या प्याद्यानं केली तर लाखमोलाची. मी एकदा हावरटपणानं शेवटचं प्यादं खाल्लं होतं, तर वडिलांनी सगळ्या ओट्यासमोर पट उधळला होता. आंतरराष्ट्रीय नियमांत यातलं काही नाही. तिथं मिळेल ते खावं.

घाटावर दोन डाव झाले. एक-एक. धोंडिराम मात देताना असे खिदळले की पाण्यात पाय सोडून बसलेली पोरं मागं वळून बघायला लागली. आल्यापासून मी पहिल्यांदा हसलो, हेही लिहून ठेवायला हरकत नाही.

येताना डोक्यात आलं. माझी नोकरी गेली त्या आमच्या धरणाच्या पोटात एक जुनं गाव होतं. मे महिन्यात पाणी खाली गेलं की आधी देवळाचा कळस दिसायचा, मग दीपमाळ, मग पायऱ्या. नवीन काहीच वर यायचं नाही. सगळ्यात जुनं तेच वर यायचं. दमलेल्या खेळाडूचं तसंच होत असावं. पुस्तकातलं आधी जातं. पहिल्यांदा शिकलेलं तळाशी तसंच बसलेलं असतं.

२७ डिसेंबर, शनिवार.

सकाळी हरलो, दुपारी जिंकलो. दोन्ही डावांबद्दल लिहिण्यासारखं नाही. मान धरलीय. यादीतलं नाव अजून शाबूत, पण केसाइतकंच.

मधल्या वेळेत पेठेत जाऊन कुलूप घेतलं. दुकानदारानं विचारलं, “दाराला का फाटकाला?” म्हटलं, घराला. त्यानं पितळी दाखवलं. जड आहे, गंजणार नाही, दोन किल्ल्या. पिशवीत घातलं आणि पिशवी एकदम वजनदार वाटायला लागली.

धोंडिरामनी ते बघितलंच. त्यांना आतापर्यंत सगळं माहीत झालंय, मी सांगितलं नसताना. (थोडं सांगितलं.) भिंतीला टेकून म्हणाले, “हंबीरराव, म्या साधा मेक्यानिक मानूस. मला एवढंच सांगा. घर ऱ्हावं म्हनून नऊ फेऱ्या खेळायच्या, आन बाजारात जाऊन त्याच घराला कुलूप घ्यायचं. तुमी नक्की कुनाकडनं खेळताय?”

“बायकोनं मागितलंय.”

“मालकिनीला जायचंय?”

“नातू आहे तिकडं.”

“इचारलंय का त्यास्नी?”

मी म्हटलं, चाळीस वर्षं संसार झाल्यावर विचारायला लागत नाही. धोंडिरामनी नुसतं ‘व्हय का’ म्हटलं आणि कूस बदलली. माणूस चांगला आहे, पण नको तिथं नाक खुपसतो.

२८ डिसेंबर, रविवार. दुपारी, जेवणाच्या सुट्टीत.

आठवी फेरी. काय झालं ते जसंच्या तसं लिहितो.

समोर इस्लामपूरची सोनम, सातवीतली. दोन वेण्या, पाय फरशीला टेकत नाहीत. मी सकाळपासून उत्तम खेळलो. शेवटी माझ्याकडं हत्ती आणि एक प्यादं, तिच्याकडं राजा आणि एकुलतं एक प्यादं. ते प्यादं माझ्या हत्तीच्या तोंडात होतं. उचलायचं आणि खायचं. सातवीतल्या पोरीलाही दिसत होतं. ती हात मिळवायच्या तयारीनं सावरून बसलीसुद्धा.

मी खाल्लं नाही. खायचं नसतं म्हणून खाल्लं नाही. त्या क्षणी मला दुसरं काही सुचलंच नाही, शंकाही आली नाही. राजा उघडा पाडायचा नाही, प्याद्यानं मात द्यायची, एवढंच. मी माझं प्यादं पुढं ढकललं आणि वर समाधानानं चहाचा घोट घेतला. पोरीनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा पटाकडं, आणि तिचं प्यादं सरकवलं. मग आणखी एक घर. माझा हत्ती आडवा जायला बघतो, तर वाटेत माझंच प्यादं. तिचा वजीर झाला. त्यानंतरचं लिहीत नाही.

उठताना पोरगी म्हणाली, “आजोबा, ते प्यादं का नाही खाल्लं?” काय सांगू? बुर्जी झाली असती म्हणून? मी म्हटलं, दमलो गं. ते खोटं नव्हतं. पाणी तळाला गेलं आणि वडील ओट्यावर बसलेले दिसले, एवढंच झालं.

आता हिशेब साधा आहे. नाव पातळीच्या खाली गेलंय. शेवटची फेरी जिंकलो तर परत वर येतं. बरोबरीनं भागत नाही.

लीलाला फोन केला. ऐकून घेतलं.  मग म्हणाली, “शेवटचा डाव ऱ्हायलाय न्हवं? मग पोटभर पानी पिऊन बसा.” आवाज घोगरा होता. म्हणाली, सर्दी झालीय.

पटांची यादी लागली. नववी फेरी: माझी गाठ धोंडिराम बनसोडे, वडूज यांच्याशी.

त्याच दिवशी, संध्याकाळी.

बसायच्या आधीच धोंडिराम म्हणाले, “हंबीरराव, दोस्ती खोलीत. पटावर म्या सोडायचो न्हाई. सोडला तर उद्या तुमच्याच मनाला खाईल.” मी म्हटलं, सोडावं अशी अपेक्षाही नाही. हात मिळवला. त्यांचा हात खरखरीत आणि थंड होता.

ते खरंच सोडत नव्हते. पण त्यांचंही पाणी तळालाच गेलेलं. मधेच एक घोडा फुकट घालवला आणि स्वतःच्याच कपाळावर चापट मारली. मी सावकाश खेळलो. या स्पर्धेतला माझा सर्वांत चांगला डाव हाच. हॉल हळूहळू रिकामा झाला, कामगार खुर्च्या एकात एक घालायला लागले. आणि पटावर उरलं काय, तर माझा राजा आणि हत्ती, त्यांचा राजा आणि एक प्यादं.

प्यादं हत्तीच्या तोंडात.

खाल्लं की डाव माझा. एकटा हत्ती राजावर मात करतो. ती मला झोपेतही येते. डाव जिंकला की नाव राहतं. नाव राहिलं की घर राहतं. सकाळसारखं काही झालं नाही. डोकं अगदी स्वच्छ होतं. वडील वगैरे कुणी दिसले नाहीत. लीला दिसली, फोन ठेवून डोळे पुसताना.

हिनं माझ्यापायी तीस वर्षं धरणावरच्या वसाहतीत काढली. चार क्वार्टर, त्यातली दोन रिकामी. मी पातळी बघायला जायचो, ती दारात उभी राहायची. पोरगं साताऱ्याला शिकायला ठेवलेलं. तिनं कधी काही मागितलं नाही. आता या वयात नातवापाशी राहावंसं वाटलं तर मी हत्तीनं ते प्यादं खाऊन तिला परत दारात उभी करायची? मला कोरेगाव सोडवत नाही, हे माझं झालं. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून पाणी प्यायलो.

मग राजा हलवला. प्यादं सोडलं.

धोंडिरामनी पटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. बराच वेळ प्याद्याला हातच लावेनात. शेवटी घड्याळ संपत आलं तेव्हा सरकवलं. पुढं त्यांचं प्यादं वजीर व्हायच्या घरात गेलं, ते मला हत्ती देऊन मारावं लागलं, आणि पटावर नुसते दोन राजे उरले. बरोबरी. सह्या केल्या.

पंच म्हणाला, “आजोबा, सकाळचीच चूक परत केलीत.” म्हटलं, हो. दमलो.

जिन्यात धोंडिरामनी माझा दंड धरला. “दमलेलं मानूस पटकिनी खेळतंय, हंबीरराव. चार दिवस बगतोय मी समद्यांस्नी. तुमी त्या प्याद्याकडं अर्धा तास बगत बसलावता.”

मी पिशवी उचलली. त्यांनी भडंगाचा उरलेला पुडा माझ्या पिशवीत घातला, कुलपावर.

२९ डिसेंबर, सोमवार. कोरेगाव.

दुपारी पोचलो. लीला उंबऱ्यातच उभी होती.

“काय झालं?”

“बरोबरी.”

“म्हंजी?”

“नाव गेलं.”

ती उंबऱ्यावरच बसली. पाणी आणलं नाही, चहाचं विचारलं नाही. म्हणाली, “आता जयराजला काय सांगू मी?”

म्हटलं, सांग येतो म्हणून. तुला जायचंच आहे ना. मी पिशवीतून कुलूप काढून तिच्यासमोर ठेवलं. “हे घे. गंजणार नाही.”

तिनं कुलूप हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं, आणि उठून सरळ मागच्या दारानं परसात गेली. मला वाटलं, संतापली. मागोमाग गेलो. ती फाटकापाशी होती. धुळाच्या शेळ्या आत येऊ नयेत म्हणून फाटकाला नवीन साखळी घातली होती तिनं. साखळीच्या दोन कड्या जुळवून त्यांत कुलूप अडकवलं आणि दाबलं. खटकन बसलं. ओढून बघितलं.

अलीकडं वाफ्यात ठिकठिकाणी हिरवं दिसायला लागलेलं. लसणाचे नखाएवढे कोंब वर आलेले.

मी तिथंच उभा राहिलो. मग खरं तेच बोललो. “लीला, ते प्यादं मी सोडलं. मुद्दाम. डाव माझा होता.”

“का?”

“तुला पुण्याला जायचंय म्हणून.”

“कोन म्हनलं?”

मी सांगायला लागलो: डोळे पुसलेस, बंद दारांचं म्हणालीस, रोज अंतर विचारत होतीस, कुलूप मागितलंस. सांगता सांगता माझं मलाच ऐकू यायला लागलं.

ती ओरडेल असं वाटलं. ओरडली नाही. “आवं, तीस वर्सं त्या धरनावर मला बोलायला मानूस न्हवतं. रेडिओसंगं बोलायची मी. आत्ता कुटं शेजार घावलाय. जयराजला तोंडावर न्हाई म्हनवत न्हाई, लेकरू हाय, म्हनून तुमच्या नावाच्या आड लपली हुती. तुमचं नाव यादीत हाय, एवढंच माज्याजवळ हुतं.” मग पदरानं नाक पुसलं. “धरनाचं पानी बोटाबोटानं मोजलंसा तुमी. आन घरातल्या मानसाला एकदा इचारायचं न्हाई?”

मी वाफ्याच्या कडेला बसलो. 

तेवढ्यात घरात फोन वाजला. जयराज. निकाल त्यानं तिकडं आधीच बघितला असणार. मी उचलायला निघालो, तर लीलानं मला हातानं थांबवलं आणि स्वतः गेली. मी परसातून ऐकत होतो.

“व्हय. गेलं नाव... व्हय रं, म्या म्हनलं हुतं तसं. पर आता येत न्हाई म्हनते... न्हाई, त्यांचं काय न्हाई त्यात. त्ये तर यायला निगालेत.” मग थांबली.  “मला न्हाई यायचं, बाळा. मलाच न्हाई यायचं.”

पुढं ती नुसती ‘व्हय, व्हय’ करत राहिली. वीरधवलला फोन दिला असावा, कारण आवाज बदलला आणि ती हसली. उन्हाळ्याच्या सुट्टीत ये म्हणाली, लसूण काढायला.

बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते, पण चाल मोकळी होती. म्हणाली, “नाव परत लावता येतंय का त्या यादीत?”

म्हटलं, येतं. परत खालपासून खेळायला लागतं.

“मग खेळा. न्हाई लागलं तर न्हाई लागलं. आन म्होरच्या टायमाला समोरचं शेवटचं प्यादं खात जावा. तुमच्या वडलांचा पट काय आता कोन उधळत न्हाई.” हे मी तिला कधी सांगितलं होतं, मला आठवत नाही.

कुलपाच्या दोन किल्ल्यांतली एक तिनं कनवटीला लावली आणि दुसरी माझ्याकडं दिली. मग चहा टाकायला आत गेली. मी वाफ्यातला एक तणाचा कोंब उपटला आणि धोंडिरामना फोन लावला.